जुलैत ‘पाऊस पडेल’ म्हणणं सोपं

भर जुलैत टीव्हीवर कर्जत-खालापूरसाठी रोज ‘पाऊस पडेल’ एवढंच सांगितलं, तरी अंदाज बहुतेक दिवस खरा ठरेल. त्यात हुशारी ती काय? ही फसगत जुनी आहे. 1884 मध्ये अमेरिकेत फिनली नावाच्या लष्करी हवामान-निरीक्षकाचे टोर्नेडोचे अंदाज 96 टक्क्यांहून अधिक बरोबर आले, असा दावा झाला. टीकाकारांनी हिशेब मांडला: डोळे मिटून रोज ‘टोर्नेडो नाही’ म्हटलं असतं, तर 98 टक्के गुण मिळाले असते!

तेव्हा अंदाज जोखायचा तो अवघड दिवशी. हवामान विभागाच्या लेखी 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार आणि 204.5 पासून अत्यंत मुसळधार. वहीत दोन रकाने आखा: इशारा होता का, आणि पाऊस तेवढा झाला का. इशारा देऊन ऊन पडलं, तर लोक चेष्टा करतात. इशारा नसताना कोसळला, तर मात्र डोंगरपायथ्याला ते महागात पडतं. इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर खालापुरात हे वेगळं सांगायला नको.

बातम्यांत बहुधा अख्खा रायगड जिल्हा एकाच रंगात रंगवतात. पण किनाऱ्यावरचं अलिबाग आणि सुमारे 800 मीटर उंचीचं माथेरान यांचा पाऊस सारखा कसा असेल? म्हणून ताडून पाहायचं ते आपल्या तालुक्याच्या पर्जन्यमापकाशी. तिथला दिवस सकाळी साडेआठला संपतो. सोमवारी संध्याकाळी कोसळलेला पाऊस मंगळवारच्या आकड्यात सापडेल.