हरेल तो उठेल : प्रश्नमंजूषेतील सलग विजयांचे गणित

राजुऱ्यात आमच्या तरुणपणी चौकातल्या कॅरमला एकच कायदा होता. हरेल तो उठेल, जिंकेल तो बसेल. एखादा पोऱ्या सकाळी बसला की दुपारी जेवायलाच उठायचा. भोवती उभे असलेले म्हणायचे, त्याचा हात बसलाय. कोणी म्हणायचे, समोर येणारेच कच्चे आहेत. मग तिसरा हळूच म्हणायचा, पावडर तोच टाकतो ना, बोर्ड त्याच्या ओळखीचा आहे. पुढे टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषांचा अभ्यास करताना लक्षात आले की सलग जिंकणाऱ्याबद्दल जगभर हेच तीन तर्क लढवले जातात. चौथा तर्क आमच्याकडचा, आणि सर्वांत लाडका : "सगळी सेटिंग असते, भाऊ."

हा चौथा तर्क मी गावातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांकडून इतक्यांदा ऐकला की तो तपासून पाहावासा वाटला. कारण तो फक्त टीव्हीपुरता राहत नाही. ज्याला वाटते की जिंकणारे आधीच ठरलेले असतात, तो पुस्तक उघडताना अर्धा हरलेला असतो.

आपल्याकडे प्रश्नमंजूषा म्हटले की 'कौन बनेगा करोडपती'. ३ जुलै २००० रोजी तो सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले कोट्यधीश झाले. वय २७, केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी चाललेली. शेवटचा प्रश्न संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कोणाला देते, हा होता. उत्तर महान्यायवादी, म्हणजे अॅटर्नी जनरल. पुढे २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी १८५७वरच्या 'दास्तान-ए-गदर'चा लेखक जहीर देहलवी हे ओळखले, तेव्हा आमच्या विदर्भात घराघरांत टाळ्या पडल्या.

पण या खेळाचा साचा असा की जिंकणारा धनादेश घेऊन घरी जातो. तो १९९८च्या ब्रिटिश कार्यक्रमावरून घेतलेला आहे आणि त्यात समोर माणूस नसतो, प्रश्नपत्रिका असते. चार पर्यायांतून ठोकून दिले तरी चारांत एकदा बरोबर येते. म्हणून कोणी कितीही हुशार असो, "नशीब होते" म्हणणाऱ्याचे तोंड एका विजयाने बंद करता येत नाही. त्यासाठी विजेत्याला पुन्हा पुन्हा खुर्चीवर बसवणारा, आमच्या कॅरमसारखा खेळ लागतो. तो अमेरिकेत सापडतो.

सेटिंगवाल्यांना आधी त्यांचे श्रेय देऊ. १९५६-५७च्या हिवाळ्यात अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' नावाच्या कार्यक्रमात कोलंबिया विद्यापीठातले तरुण प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिले आणि १,२९,००० डॉलर घेऊन गेले. ते खरोखर सेटिंग होते. त्यांना प्रश्नोत्तरे आधी दिली जात. त्यांच्या आधीचा विजेता हर्बर्ट स्टेम्पल याला मुद्दाम हरायला सांगितले होते, तेही अशा प्रश्नावर ज्याचे उत्तर त्याला पक्के ठाऊक होते : १९५५चा सर्वोत्तम चित्रपट, 'मार्टी'. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेन यांनी संसदीय उपसमितीपुढे कबुली दिली आणि १९६० मध्ये असा बनाव तिथे कायद्याने गुन्हा ठरला.

'जेपर्डी' हा कार्यक्रम १९६४ मध्ये याच बदनामीच्या सावलीत जन्मला. तीन स्पर्धक, बटण आधी दाबेल तो उत्तर देईल, चुकले तर तेवढी रक्कम वजा. विजेता दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. १९८४ पासून चाललेल्या आवृत्तीत पाच विजयांनंतर मात्र सन्मानाने निरोप मिळे. २००३ मध्ये ही मर्यादा काढली आणि पुढच्याच वर्षी सॉल्ट लेक सिटीचा संगणक अभियंता केन जेनिंग्ज येऊन बसला. २ जूनला बसला तो ३० नोव्हेंबरच्या भागात उठला. सलग ७४ विजय, २५,२०,७०० डॉलर.

आता थोडे गणित. तिघेही सारखेच असतील तर एकाने सलग पाच वेळा जिंकण्याची शक्यता २४३ मध्ये एक. दर खेळात ९० टक्के जिंकेल असा जबर खेळाडू घ्या. आपल्याला वाटेल, मग ७४ काय अवघड? पण ०.९ला स्वतःनेच ७४ वेळा गुणले की उरते सुमारे २,४०० मध्ये एक. ९५ टक्केवाल्याला साधारण ४५ मध्ये एक. ९९ टक्केवाल्यालाच ही मजल जवळजवळ निम्म्या वेळा जमेल. हे वहीत मांडले तेव्हा मी चकित झालो. लांब मालिका म्हणजे नुसते "इतरांपेक्षा चांगला" नव्हे. हरण्याची वाटच जवळपास बुजवलेली असावी लागते.

ती कशी बुजते? ज्ञान हवेच, पण त्या मंचावर पोचलेल्या बहुतेकांना बहुतेक उत्तरे येत असतात. खरी मारामारी बटणाची. निवेदकाचा शेवटचा शब्द संपल्यावरच बटण चालू होते. घाई केली तर पाव सेकंद ते बंद पडते, आणि तेवढ्यात दुसरा घुसतो. एका दिवसात पाच भाग चित्रित होतात. आव्हान देणारे नवे, विजेत्याची बोटे मात्र दुपारपर्यंत निवेदकाच्या श्वासाला जुळलेली. म्हणजे आमचा "बोर्ड ओळखीचा आहे" म्हणणारा अगदीच चुकत नव्हता.

दुसरी गोष्ट रकमेची. शेवटच्या प्रश्नावर प्रत्येकाने आपल्या पैशातून पणाला लावायचे असते. तोवर तुमच्याकडे दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असेल, तर हरणे फक्त तुमच्याच हाती उरते. २०१९ मध्ये जेम्स होल्झहाउअर या व्यावसायिक जुगाऱ्याने हे सूत्र टोकाला नेले. मोठ्या रकमेचे प्रश्न आधी उचलायचे, आणि पैज लावता येणारा 'डेली डबल' हाती आला की जवळचे सगळे झोकायचे. फक्त ३२ विजयांत त्याने २४,६२,२१६ डॉलर केले. त्याला हरवले एका ग्रंथपाल बाईंनी, एमा बोएचर. याच कार्यक्रमातल्या प्रश्नांच्या काठिण्यावर त्यांनी पदव्युत्तर प्रबंध लिहिला होता! (प्रबंध असा कुठेही कामी येतो, हे आमच्यासारख्या बिनपदवीच्या संशोधकांनी नोंदवून ठेवावे.)

आणि जेनिंग्ज? त्याचा ७५वा खेळ मी कागदावर पुन्हा पुन्हा मांडला आहे. त्या दिवशी त्याने दोन 'डेली डबल' गमावले. शेवटच्या प्रश्नाआधी त्याच्याकडे १४,४०० आणि नॅन्सी झर्ग यांच्याकडे १०,०००. नेहमीची दुप्पट आघाडी नव्हती. झर्ग सगळे लावून जिंकल्या तर २०,०००वर जातील, म्हणून त्याने ५,६०१ लावले, म्हणजे २०,००१. हिशेब बिनचूक. झर्ग यांनी ४,४०१ लावले. म्हणजे त्याच्या १४,४००पेक्षा बरोबर एक डॉलर जास्त. तोही बिनचूक. प्रश्न होता वर्षातले चारच महिने हजारो हंगामी कर्मचारी ठेवणाऱ्या कंपनीचा. जेनिंग्जच्या डोक्यात नाताळची पार्सले आली, त्याने 'फेडेक्स' लिहिले. उत्तर होते प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणारी 'एच अँड आर ब्लॉक'. तो ८,७९९वर आला, झर्ग १४,४०१वर.

सेटिंग असती तर एवढा मोहरा कोण हातचा घालवेल, असे मी अभ्यासिकेत विचारले. एक मुलगा म्हणाला, "काका, मग त्या बाईला पुढे किती दिवस बसवलं?" झर्ग दुसऱ्याच दिवशी हरल्या.