खिशांतील मिटता चाकू : कुलाबा-किनाऱ्यावरील त्याची पूर्वपीठिका

मिटता चाकू ही वस्तु इतकी लहान व नित्याची आहे कीं, तिला इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ज्या जुन्या घरांतून मोडी कागदांचे रुमाल निघतात, त्याच घरांच्या फडताळांतून दौत, वाळूदाणी व एखादा गंजलेला चाकूहि निघतो. कागद जपले जातात, चाकू भंगारांत जातो. तो कां जाऊं नये, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विवेचनाचें क्षेत्र आम्हीं उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यापुरतें ठेवलें आहे. यांपैकीं मुरूड, श्रीवर्धन व म्हसळें हा दक्षिण भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानांत होता. पुढें तो कुलाबा जिल्ह्यांत आला, आणि १९८१ सालीं त्या जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें.

(१) बाळगण्याची रीत

हत्याराचा घाट तें अंगावर कोठें बाळगावयाचें यावरून पुष्कळ अंशीं ठरतो. या किनाऱ्यावरील कुणबी व आगरी शेतकरी रानांत जातांना कोयता कमरेच्या आकडींत अडकवून नेतो. माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याचें हत्यारहि कमरेसच असतें. हीं पातीं उघडीं असतात. तीं वस्त्राच्या बाहेर राहत असल्यामुळें मिटण्याची गरजच नसते. धोतरास खिसा नाहीं. लहान चीजवस्त कनवटीस किंवा चंचींत जाई, आणि तेथें उघडें पातें ठेवणें शक्य नव्हतें.

तथापि चंचींत एक धार नेहमीं असे, ती अडकित्त्याची. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची ख्याति सर्वत्र आहे. त्या मुलखांत अडकित्त्यावांचून घर सांपडणें कठीणच. अडकित्ता मिटला कीं त्याची धार दोन भुजांच्या आंत राहते. घरांतील विळीचेंहि तसेंच : कित्येक विळ्यांचें पातें खिळीवर फिरून पाटावर आडवें होतें. यावरून असें दिसतें कीं, खिळीवर पातें फिरविण्याची युक्ति येथील लोहारास परकी नव्हती. युरोपांतहि ती प्राचीनच आहे. ऑस्ट्रियांतील हालश्टाट येथें सांपडलेला हाडाच्या मुठीचा मिटता चाकू ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात.

(२) कमान

मग विलायती चाकूंत नवें तें काय? तर त्याच्या पाठीची कमान. मुठीच्या पाठीशीं एक लवचिक पोलादी पट्टी बसविलेली असते, आणि ती पात्याच्या मुळावर सतत दाब देते. मूळ चौकोनी घडविलेलें असल्यानें पातें पूर्ण उघडलें असतां एक सपाट बाजू, व पूर्ण मिटलें असतां दुसरी, त्या पट्टीस भिडते. मधल्या स्थितींत मात्र मुळाचा कोपरा पट्टीस उचलून धरतो. म्हणून पातें अर्धवट राहत नाहीं, आपण होऊन एका टोकास जातें. पात्यावरील खांच नखानें धरून उघडण्यासाठीं असते. असे कमानीचे चाकू इंग्लंडांतील शेफील्ड येथें सतराव्या शतकांत होऊं लागले. हा दाब म्हणजे कुलूप नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. पाठीवर जोर पडल्यास असा चाकू बोटांवर मिटतो. पातें अडकवून ठेवणारीं साधनें पुढें निघालीं. फ्रान्समधील ओपिनेल चाकूस फिरत्या कड्याची अडसर १९५५ सालीं मिळाली.

(३) कलमतराश

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा चाकू तो लेखणीचा. 'चाकू' हा शब्द फारसींतून आला, व लेखणी तासण्याच्या चाकूस 'कलमतराश' हें फारसीच नांव आहे. इराणी व तुर्की लेखकांचा कलमतराश बहुधा लांब मुठीचा, आंखूड व स्थिर पात्याचा असे. इंग्रजींतहि खिशांतील लहान चाकूचें नांव लेखणीवरूनच पडलें आहे. परंतु तेथील लेखणी पिसाची, मऊ. आपला बोरू टणक. त्याचें टोक तिरपें छाटावयाचें, मध्यें चीर द्यावयाची, आणि लिहितां लिहितां तें झिजलें कीं पुन्हां छाटावयाचें. कारकुनास 'बोरूबहाद्दर' म्हणून हिणविणारांस, त्या बहाद्दराचें अर्धें कसब चाकूंत होतें, याची कल्पना नसते.

यांतून कागद वाचणारानें एक धडा घ्यावा. मोडी पत्रांत पुष्कळदां असें आढळतें कीं, अक्षर हळूहळू जाड होत जातें व एखाद्या ओळीपासून एकाएकीं बारीक होतें. नवशिका वाचक तेथें हात बदलला, अथवा मजकूर मागाहून घुसडला, असें अनुमान करतो. पुष्कळदां कारण इतकेंच असतें कीं, लेखकानें तेथें बोरू पुन्हां तासला. अक्षरांचें वळण, वेलांट्या व शब्द संपविण्याची रीत तीच राहिली असेल, तर केवळ जाडीच्या फरकावरून कागद बनावट ठरविणें हा अन्याय होय. वतनाचे व वाटण्यांचे निवाडे ज्या कागदांवर अवलंबून असतात, त्यांच्याबाबत हा विवेक विशेष अवश्य आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बर्मिंगहॅम येथें पोलादी टांक यंत्रानें विपुल होऊं लागले, आणि ते येथें रूढ झाल्यावर बोरू तासण्याची गरज सरली. चाकू मात्र राहिला. कारण तोंवर बंडी व कोट यांबरोबर खिसा आला होता.

(४) ठशांवरून काळ

पात्याच्या मुळाशीं कारखान्याचा ठसा असतो. तो गंज न खरवडतां, तेल लावून, तिरप्या उजेडांत वाचावा. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या पेढीची खूण तारा व माल्टी क्रूस ही आहे. १८२२ त राजाश्रय मिळाल्यावर ती राजनामाचीं आद्याक्षरेंहि घालूं लागली. 'व्ही. आर.' हीं व्हिक्टोरिया राणीचीं अक्षरें असल्यास चाकू १८३७ ते १९०१ मधला धरावा. परंतु खोटे ठसेहि होते. जर्मनींतील झोलिंगेनच्या चाकूंवर शेफील्डचें नांव घालण्याचा प्रकार फार बोकाळल्यानें ब्रिटनांत १८८७ व हिंदुस्थानांत १८८९ सालीं व्यापारी खुणांचे कायदे झाले. अमेरिकेच्या १८९० च्या जकात-कायद्यानंतर इंग्लिश मालावर देशाचें नांव घालण्याची रीत पडली. म्हणून केवळ शहराचें नांव असलेला चाकू बहुधा त्यापूर्वींचा, व देशाचें नांव असलेला नंतरचा, असें स्थूलमानानें म्हणतां येतें. अर्थात् ठसा चाकूचा काळ सांगतो, शेजारच्या कागदाचा नव्हे.

(५) सांप्रत

आजहि प्रवासांत आंबा कापण्यास, सुतळी तोडण्यास वा लखोटा उघडण्यास हा चाकू उपयोगी पडतो. खाऱ्या वाऱ्यांत साधें पोलाद लवकर गंजतें. १९१३ सालीं शेफील्ड येथेंच हॅरी ब्रिअर्ली यानें काढलेलें न गंजणारें पोलाद किनाऱ्यावर सोयीचें, तरी खिळीशीं अडकलेलें मीठ पुसून तेलाचा थेंब सोडावाच लागतो. शस्त्रकायदा १९५९ चा आहे. त्याखालील नियमांच्या यादींत नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्यांचा समावेश असून, घरगुती व शेतीचीं हत्यारें तींतून वगळलीं आहेत. मात्र १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमान्वयें मनाई-हुकूम जारी असतां चाकू जवळ बाळगण्यासहि बंदी करतां येते; तसेंच विमानांत तो सोबत नेतां येत नाहीं.

ज्यांच्या घरीं जुन्या दप्तराशेजारीं असा चाकू असेल, त्यांनीं तो घासून लखलखीत करूं नये व कागदांपासून तोडूंहि नये. कोणत्या रुमालाजवळ तो होता, एवढी नोंद चिठीवर लिहून ठेवावी. कागद बोलतो तो लेखणीमुळें, आणि लेखणी घडली ती या चाकूनें.