मसोत्याच्या पोटात काय भरलंय?

घरात शिलाई मशीन आहे, पण ब्लाऊजच्या कामात फार स्पर्धा आहे, असं जालन्यातल्या ताई नेहमी सांगतात. मग गरम भांडी उचलायची जाड मसोती शिवून बघा. पण आधी माझी चूक ऐका.

पहिल्या लॉटमध्ये मी आत पॉलिस्टरचा कापूस भरला. दिसायला एकदम भारी! एका काकूंनी तापलेला तवा धरला, कापूस वितळला, बोटं भाजली. पैसे परत केले, पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

आजीच्या वाकळेत जुन्या सुती लुगड्यांचे थर असायचे. सूत वितळत नाही, आणि थरांमधली हवा उष्णता अडवते. पॉलिस्टर साधारण २५० अंशांना वितळतं.

सुती कापड आधी धुवा, नाहीतर नंतर आटतं. २० सेंटिमीटरचे चौकोन कापा. ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या एक मीटरमधून २५ निघतात. वर-खाली एकेक चौकोन, मध्ये जुन्या सुती साडीचे सहा थर. आडव्या-उभ्या टिपा मारा, कडेला उरेप पट्टी, कोपऱ्यात अडकवायला नाडी. सोबत चिठ्ठी द्या: ‘ओलं असताना वापरू नका.’ ओल्या कापडातून चटका लगेच लागतो.

आता हिशोब, उदाहरणादाखल. कापड-दोरा १५ रुपये, अर्ध्या तासाची मजुरी ३० रुपये, एकूण ४५. ते ४० ला विकलं तर पदरचे ५ गेले. मजुरी धरायचीच!

पहिलं मसोतं विकू नका. महिनाभर स्वतःच्या चुलीपाशी वापरा. तुमचा हात सांभाळला, तरच गिऱ्हाईक सांभाळेल.