डोक्यातली वीज

पोरांनो, बसा इथे. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे, त्या डॉक्टर कोटणीसांच्या धैर्याची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकलीत. आज त्याच गोष्टीतलं विज्ञान सांगतो.

द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. जन्म १० ऑक्टोबर १९१०. जपाननं चीनवर हल्ला केला, तेव्हा १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक तिकडे धाडलं. त्यातले बाकीचे परतले, कोटणीस मात्र राहिले. १९४१ मध्ये ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला नाव होतं नॉर्मन बेथ्यून यांचं.

बेथ्यून कॅनडाचे सर्जन. १९३९ मध्ये एका जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांचं बोट कापलं. जखम एवढीशी, पण तिच्यातून जंतू रक्तात गेले आणि १२ नोव्हेंबरला बेथ्यून वारले.

“औषध नव्हतं, आबा?”

होतं की! पण बुरशीत दडलेलं. एक बुरशी आसपासच्या जंतूंना वाढू देत नाही, हे फ्लेमिंग यांनी लंडनमध्ये १९२८ सालीच पाहिलं होतं. तिच्यातलं पेनिसिलिन वेगळं काढून आजारी माणसाला टोचायला १९४१ उजाडलं. तो रोगी ऑक्सफर्डचा पोलीस. सुधारू लागला, तोच औषध संपलं. त्याच्या लघवीतून परत मिळवून टोचलं, तरी पुरलं नाही. बिचारा गेला. पुढे औषध मुबलक झालं. डोरोथी हॉजकिन या बाईंनी पेनिसिलिनच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून १९४५ मध्ये त्याच्या रेणूची रचना ओळखली. रचना कळली, म्हणून तिच्यात फेरफार करून नवी औषधं घडवता आली. बुरशी जीवशास्त्राची, किरण भौतिकशास्त्राचे, आणि वाचले ते पुढचे रोगी!

आता कोटणीस. ९ डिसेंबर १९४२ रोजी तेही गेले. वय अवघं बत्तीस. त्यांना फिट यायच्या. फेफरं, अपस्मार म्हणतात ते हेच.

आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी बारीक विजेवर एकमेकींशी बोलतात. सोलापुरातले माग कसे आपापल्या तालात खटखटतात? समजा, एका शेडमधल्या सगळ्या मागांचे धोटे एकाच क्षणी उडू लागले, तर भिंती हादरतील. फिटमध्ये पेशींचं तसंच होतं.

ही वीज डोक्याच्या कातडीपर्यंत येते तेव्हा व्होल्टच्या लाखांशाच्या आसपास उरते. तरी जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये ती टिपली. आजचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, तिथूनच आला. चुंबकाच्या मदतीनं शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या एमआरआयची कथा आणखी गमतीची. अणूंची केंद्रकं चुंबकापुढे कशी वागतात, हे भौतिकशास्त्रज्ञ १९४६ मध्ये निव्वळ कुतूहलानं मोजत होते. त्यातून चित्र काढायची युक्ती लाउटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवली. आता फिटचं मूळ असलेला मेंदूतला जुना व्रण कवटी न उघडता दिसू शकतो.

आणि फिटवरचं औषध? कोटणीस चीनला निघाले त्याच १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइनचा गुण जाहीर केला. मांजरांना विजेचा झटका देऊन, कुठलं औषध फिट अडवतं हे त्यांनी तपासलं होतं. तेच औषध आज आपल्याकडच्या साध्या मेडिकलमध्ये मिळतं. नीट इलाज झाला, तर दहांतल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात.

म्हणून सांगतो, कुणाला फिट आली तर चप्पल, कांदा हुंगवू नका. अंगात आलं म्हणून देवऋष्याकडे नेऊ नका. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी एक दिवसही बंद करायची नाही.