चाहत्यांची प्रीति आणि तिची कसोटी

चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्या माणसास आपण बहुधा एकच प्रश्न विचारतों, "कसा काय वाटला?" उत्तरहि ठरलेलें असतें: चांगला, बरा, किंवा पैसे वायां गेले. बहुतेकांची रसिकता येथेंच संपते. परंतु कांहीं कलाकृतींवर लोकांची प्रीति जडते, आणि मग ती प्रीति त्यांच्याकडून कांहीं ना कांहीं करवून घेतल्याशिवाय राहत नाहीं. अशा प्रीतीचें स्वरूप काय, तिचें मोल कशावरून ठरवावें, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. त्यासाठीं 'गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी' या अमेरिकन चित्रपटाचें उदाहरण आम्ही घेतों. जेम्स गन यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट अमेरिकेंत १ ऑगस्ट २०१४ रोजीं प्रदर्शित झाला. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं तो पाहिला असेल. ज्या पालकांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडी पूर्वपीठिका देणें अवश्य आहे.

ज्या जातीची ही कथा आहे तिला 'स्पेस ऑपेरा' असें म्हणतात. अनेक ग्रह, ताऱ्यांमधून धांवणारीं याने, नाना वर्णांचे लोक, क्रूर सत्ताधीश आणि साहसी वीर अशी ही रम्याद्भुत कथा असते. हें नांव विल्सन टकर या लेखकानें १९४१ सालीं प्रथम वापरलें, तें कौतुकानें नव्हे, तर ठराविक सांच्याच्या अंतराळकथांस हिणविण्यासाठीं. तत्पूर्वींच, १९३४ सालीं, अ‍ॅलेक्स रेमंड याच्या चित्रमालिकेंतून फ्लॅश गॉर्डन हा वीर वर्तमानपत्रांतून अमेरिकन घरांत शिरला होता, आणि १९३६ सालीं तो पडद्यावरहि आला होता. जाणत्यांनीं नाकें मुरडलीं तरी मुलांनीं त्याला सोडलें नाहीं. आणि पुढें तर टवाळीचें तेंच नांव या कथांचे भक्त अभिमानानें मिरवूं लागले. तात्पर्य, या कथांचें भवितव्य पंडितांपेक्षां चाहत्यांच्याच हातीं प्रथमपासून राहिलें आहे.

प्रस्तुत चित्रपटांतील मंडळी 'मार्व्हल' या प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांतून आलेली आहे. या नांवाची पहिली टोळी १९६९ सालीं छापली गेली होती. चित्रपटानें मात्र २००८ सालीं नव्यानें जमविलेली टोळी आधारास घेतली. तींत पांच जण आहेत. पीटर क्विल हा पृथ्वीवरील मुलगा. १९८८ सालीं त्याची आई कर्करोगानें वारली, त्याच रात्रीं त्याला आकाशांतील लुटारूंनीं उचलून नेलें. आईनें निवडून दिलेल्या गाण्यांची एक फीत एवढाच त्याचा ठेवा. गामोरा ही हिरव्या वर्णाची स्त्री एका क्रूर पालकाच्या हातीं लहानाची मोठी झालेली. ड्रॅक्स याची बायको व मुलगी मारली गेलेली. तो प्रत्येक शब्दाचा वाच्यार्थ तेवढा घेतो, लक्षणा त्याला ठाऊक नाहीं. चौथा रॉकेट, हा दिसण्यांत रॅकून आहे. रॅकून हा मांजराहून थोडा मोठा, डोळ्यांभोंवतीं काळा पट्टा असलेला उत्तर अमेरिकेंतील प्राणी होय. प्रयोगशाळेंत चिरफाड करून रॉकेटला वाचा व बुद्धि दिलेली आहे. पांचवा ग्रूट, हा चालतें बोलतें झाड असून "मी ग्रूट आहें" याखेरीज दुसरें वाक्य त्याला येत नाहीं. हे पांचहि जण चोरी, सूड किंवा लोभ यांपायीं तुरुंगांत एकत्र येतात आणि पुढें एका अख्ख्या ग्रहाच्या रक्षणार्थ उभे राहतात.

२०१२ सालीं सॅन डिएगो येथील चित्रकथांच्या मेळ्यांत या चित्रपटाची घोषणा झाली, तेव्हां अनेकांस नवलच वाटलें. कॅप्टन अमेरिका किंवा हल्क यांचीं नांवें सर्वांच्या तोंडीं होतीं. या पांचांस चित्रकथांच्या नित्य वाचकांखेरीज फारसें कोणी ओळखत नव्हतें. त्यांतून एक बोलणारा पशु आणि एक चालणारें झाड! हा डाव अंगाशीं येणार, असें भाकीत करणारे थोडे नव्हते. प्रत्यक्षांत पहिल्या तीन दिवसांतच उत्तर अमेरिकेंत सुमारें ९ कोटी ४० लक्ष डॉलरांची तिकिटें खपलीं; ऑगस्ट महिन्यांत प्रदर्शित झालेल्या चित्रपटांत तोंवर हा उच्चांक होता. साऱ्या जगाचा हिशेब धरतां एकंदर उत्पन्न ७७ कोटी डॉलरांवर गेलें.

हें घडलें कसें? एक कारण रंगांचें. त्यापूर्वीं ख्रिस्तोफर नोलन यांच्या बॅटमनपटांचा प्रभाव मोठा होता, आणि वीरकथा म्हणजे रात्र, पाऊस व गंभीर मुद्रा असा कित्येकांचा समज होऊन बसला होता. येथें हिरवीं, निळीं, तांबडीं माणसें, जांभळें आकाश आणि त्यावर हास्यविनोद, असा सणासुदीचा थाट होता. दुसरें कारण याहून खोल आहे. आमचीं मुलें पंचतंत्रावर वाढतात. पशु बोलला म्हणून त्यांना आश्चर्य वाटत नाहीं. परंतु पंचतंत्रांतील पशु दुसऱ्यास शहाणपण सांगतो. रॉकेट तसा नाहीं. तो सर्वांची थट्टा करतो, आणि एका प्रसंगीं मात्र त्याचा बांध फुटतो. मला असें घडवा म्हणून मीं कोणाला सांगितलें नव्हतें, अशा अर्थाचें तो बोलतो. हास्य आणि करुण हे दोन रस इतके शेजारीं बसलेले पाहून प्रेक्षक प्रथम हंसले व मग गप्प झाले.

गाण्यांविषयींहि असेंच झालें. पीटरच्या फितींतील गाणीं बहुतेक १९६० ते १९८० या काळांतील, म्हणजे प्रेक्षकांपैकीं अनेकांच्या जन्मापूर्वींचीं. तरीहि ऑगस्ट २०१४ मध्यें त्या गाण्यांचा संग्रह अमेरिकेंतील खपाच्या यादींत पहिला आला. चित्रपटासाठीं एकहि नवें गाणें न रचतां, केवळ पूर्वप्रसिद्ध गाण्यांच्या संग्रहानें हा मान मिळविण्याची ती पहिलीच वेळ. नोव्हेंबरांत तो संग्रह फितीच्या रूपांतहि विक्रीस आला, आणि घरीं फीत वाजविण्याचें यंत्र नसलेल्यांनींहि तो घेतला असल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं. कारण लोकांस केवळ सूर नको होते. मुलाच्या हातीं आईनें ठेवलेली वस्तु त्यांना हवी होती.

परंतु चाहत्यांच्या ओठीं सर्वांत अधिक राहिला तो ग्रूट. कथेच्या अखेरीस यान कोसळत असतां तो आपल्या फांद्या वाढवून सोबत्यांभोंवतीं घरटें विणतो. असें केलें तर तूं मरशील, म्हणून रॉकेट त्याला विनवितो. तेव्हां ग्रूट आपल्या एकुलत्या एका वाक्यांतील 'मी' बदलून तेथें अनेकवचन घालतो. इंग्रजींत या अनेकवचनास एकच शब्द आहे. आमच्या मराठींत दोन आहेत. 'आम्ही' म्हटलें तर समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलें तर तो आंत येतो. ज्यांना तो कुशींत घेऊन मरतो त्यांनाच उद्देशून ग्रूट बोलत आहे. म्हणून "आपण ग्रूट आहों" असेंच त्याचें मराठी व्हावयास पाहिजे. हेंच झाड १९६० सालच्या मूळ चित्रकथेंत पृथ्वीवर चाल करून आलेला राक्षस होतें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. चित्रपटाच्या शेवटीं त्याच्या एका काडीपासून कुंडींत कोंवळें रोपटें उगवतें व गाण्याच्या तालावर डुलतें. तें दृश्य लोकांनीं पुनः पुनः पाहिलें, त्याची नक्कल केली, आणि लवकरच बाजारांत नाचणारीं रोपटीं खेळणीं म्हणून आलीं.

येथवर सारी स्तुतीच झाली. परंतु खरी प्रीति आंधळी नसते. दुष्ट रोनन याचें पात्र पोकळ आहे, त्याच्या द्वेषास पुरेसें कारण दिलेलें नाहीं, असा दोष अनेक चाहत्यांनींच काढला. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा होता. चित्रपटाचीं खेळणीं व सदरे दुकानांत आले, तेव्हां कित्येकांवर चौघांचींच चित्रें होतीं, गामोरा वगळलेली. पांचांतील एकुलती स्त्री कोठें गेली, असा प्रश्न चाहत्यांनीं जाहीरपणें विचारला, आणि त्यांत मुलींच्या आईबापांचा आवाज मोठा होता. आपली मुलगी जें शौर्य पडद्यावर पाहते तें तिला दुकानांत कां मिळूं नये, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. आवडत्या वस्तूंतील अन्याय दिसणें व तो बोलून दाखविणें हेंहि रसिकतेचेंच अंग होय.

याहून अवघड प्रसंग २०१८ च्या जुलैंत आला. दिग्दर्शक गन यांनीं अनेक वर्षांपूर्वीं समाजमाध्यमावर लिहिलेले अत्यंत किळसवाणे विनोद उजेडांत आणले गेले, आणि डिस्ने कंपनीनें त्यांना तिसऱ्या चित्रपटाच्या कामावरून दूर केलें. गन यांनीं त्या लेखनाबद्दल खेद व्यक्त केला होता. त्या महिन्याच्या अखेरीस प्रमुख नटनटींनीं त्यांच्या बाजूनें एक जाहीर पत्र प्रसिद्ध केलें, आणि त्यांना परत घ्यावें अशा अर्जावर चार लक्षांहून अधिक लोकांनीं सह्या केल्या. उलट पक्षीं, असल्या विषयांवर विनोद करणाऱ्याची गय करूं नये, असें म्हणणारेहि होते. मार्च २०१९ मध्यें त्यांची पुनः नेमणूक जाहीर झाली. या वादांत शिकण्यासारखें एक आहे. "आमच्या आवडत्या माणसानें केलें म्हणजे तें वाईट नव्हेच," असें म्हणणारी प्रीति घातक होय. "तें वाईटच होतें, परंतु पश्चात्ताप खरा असेल तर त्याला मार्ग असावा," असें म्हणणारी प्रीति विचारी होय. सह्या करणाऱ्यांत दोन्ही प्रकारचे लोक असतील. त्यांतील आपण कोणते, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

आतां शेवटची हकीकत. तिच्यासाठींच मुख्यत्वें हा लेख आम्हीं लिहावयास घेतला. रॉकेट हें पात्र १९७६ सालीं लेखक बिल मँटलो व चित्रकार कीथ गिफेन यांनीं निर्माण केलें. मँटलो यांनीं त्या काळीं चित्रकथा विपुल लिहिल्या. १९८५ सालीं रॉकेटवर चार अंकांची स्वतंत्र मालिकाहि त्यांनीं लिहिली. पुढें कायद्याचा अभ्यास करून ते वकील झाले, आणि न्यूयॉर्क शहरांत ज्यांना वकील देण्याची ऐपत नसते अशा गरिबांचे खटले चालवूं लागले. १९९२ च्या जुलैंत ते चाकांचे बूट घालून रस्त्यानें जात असतां एका मोटारीनें त्यांना धडक दिली, आणि मोटार हांकणारा न थांबतां निघून गेला. तो कोण होता हें कधींच कळलें नाहीं. मेंदूस झालेल्या इजेमुळें मँटलो यांची लेखणी कायमची थांबली. शुश्रूषागृहांत राहणें त्यांच्या नशिबीं आलें, आणि त्यांच्या देखभालीचा भार त्यांच्या बंधूंनीं उचलला.

चित्रपट निघण्याच्या कित्येक वर्षें आधींपासून मँटलो यांच्या जुन्या वाचकांनीं त्यांची आठवण ठेवली होती. लहानपणीं ज्यांनीं त्यांच्या चित्रकथा वाचल्या, त्यांतले कोणी चित्रकार झाले, कोणी दुकानदार. त्यांनीं प्रदर्शनें भरवून, पुस्तिका काढून त्यांच्या शुश्रूषेसाठीं पैसा जमविला. २०१४ सालीं रॉकेटचें नांव जगभर झालें, तेव्हां हा प्राणी ज्यानें कल्पिला तो माणूस कोठें आहे, याची चौकशी पुष्कळ नव्या चाहत्यांनीं प्रथमच केली, आणि मदतीचा ओघ वाढला. मार्व्हलनेंहि मँटलो यांच्यासाठीं शुश्रूषागृहांतच चित्रपटाचा खासगी खेळ केला. आपल्या भावानें तो आनंदानें पाहिला, असें त्यांच्या बंधूंनीं लोकांस कळविलें. चित्रपटाच्या अंतीं येणाऱ्या नामावलींत रॉकेटचे निर्माते म्हणून मँटलो व गिफेन यांचीं नांवें आहेत.

आमच्या वाचकांस येथें शुभवर्तमानांतील त्या वाटसरूचा दाखला आठवल्याशिवाय राहणार नाहीं. रस्त्यावर पडलेल्यास ओलांडून जाणारे तेव्हांहि होते, आजहि आहेत. आणि थांबणाराहि कधीं कधीं असा निघतो, कीं त्याचें पडलेल्याशीं कसलेंच नातें नसतें. येथें नातें होतें तें एवढेंच, कीं त्याच्या गोष्टींनीं यांचें बाळपण सुखाचें केलें होतें. २०२३ सालीं तिसरा चित्रपट आला, त्यांत रॉकेटचें पूर्वायुष्य आहे. पिंजऱ्यांतील त्या पशूंचे हाल पाहून मोठमोठीं माणसें रडलीं, आणि लहान मुलांस तो दाखवितांना जपावें, असें अनेकांनीं एकमेकांस कळविलें. पडद्यावरील दुःखानें डोळ्यांत पाणी येणें हें चांगल्या मनाचें लक्षण आहे खरें. परंतु तें पाणी पडद्यापाशींच सुकून गेलें तर कोणाचेंच कांहीं भलें होत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, चित्रपट अवश्य पहा, हंसा, डोलणाऱ्या रोपट्यासारखे डोलाहि. परंतु शेवटचें चित्र सरतांच खुर्च्या वाजवीत उठूं नका. पडद्यावर नांवें येऊं लागतात, तीं थोडीं तरी वाचा. त्यांत कोणी रंग कालविणारा असतो, कोणी शिवणारा, कोणी चाळीस वर्षांपूर्वीं ती गोष्ट रचणारा. पालकांसहि आमची विनंति आहे, कीं घरीं जातांना मुलांस चित्रपट कसा वाटला हें तर विचाराच, पण तो केला कोणीं, हेंहि विचारा.