ग्रहांच्या माथीं

वाशीस आमचें जुनें घर आहे. बालाघाटाच्या पठारावरील पुष्कळ घरांप्रमाणें दगडमातीचें, वर माळवद, मध्यें चौक आणि चौकास लागून ओसरी. गुढीपाडव्यास जोशीबुवा पंचांग वाचीत तें या ओसरीवरच, आणि लग्न, मुंज, परीक्षा, नोकरी, आजार यांपैकीं जें काय घरांत उभें राहील त्यासाठीं पत्रिकांचें पुडकें सोडलें जाई तेंही येथेंच. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं असें एखादें पुडकें असेल. तांबड्या फडक्यांत बांधलेलें, हळदीचीं बोटें लागलेलें, आणि कर्त्या पुरुषाखेरीज सहसा कोणीं न सोडलेलें.

ज्योतिष खरें कीं खोटें याचा निवाडा करण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. मात्र आमचें मत झांकून ठेवण्याचाही आमचा विचार नाहीं. आम्हांस विचारावयाचें आहे तें निराळेंच. पत्रिका पाहणारा मनुष्य समोर बसलेल्यास ग्रहांचें सर्व कांहीं सांगतो. मग त्याच्या स्वतःच्या खोडी तेवढ्या कां सांगत नाहीं?

आमच्या काकांचीच गोष्ट घ्या. भूम-वाशीचा मुलूख खव्यासाठीं प्रसिद्ध आहे. पावसाचा भरंवसा नाहीं, म्हणून दुभत्या जनावरांवर पुष्कळ संसार चालतात, आणि दूध आटवून खवा केला म्हणजे तो लांबच्या पेठेसही धाडतां येतो. काकांनीं खव्याची भट्टी घातली. माणूस उमदा, कष्टाळू, पहांटे चारला भट्टीपुढें उभा राहणारा. तरी भट्टी तीन वेळां बसली: 1987 सालीं, 1996 सालीं आणि पुनः 2006 सालीं. कारण घरांतील लहान पोरासही ठाऊक होतें. काकांस उधारी नाकारतां येत नसे, आणि दिलेली उधारी ते लिहूनही ठेवीत नसत. कोणीं वही दाखवा म्हटलें कीं त्यांस तो आपल्यावरचा अविश्वास वाटे. काकू जेवतांना येणें-देणें बोलूं लागल्या कीं अर्धें पान टाकून ते उठत.

तिन्ही वेळां पुडकें सुटलें. काकांची रास धनु. पहिल्या वेळीं ज्योतिष्यानें साडेसाती सांगितली व मारुतीस तेल वाहावयास लावलें. दुसऱ्या वेळीं दुसऱ्यानें चौथ्या शनीची अडीचकी काढली आणि नीलमाची अंगठी सांगितली. ती अंगठीही काकांनीं उसने पैसे काढूनच केली. तिसऱ्या वेळीं अष्टम शनि निघाला व शनिमाहात्म्याचीं पारायणें झालीं. त्या पोथींतदेखील विक्रम राजाची पीडा सुरू होते ती भर सभेंत त्याच्याच तोंडून निघालेल्या उपहासानें. पण काकांच्या तोंडून किंवा हातून काय घडत होतें हें तिघांपैकीं एकानेंही विचारलें नाहीं. माजघराच्या दारामागून काकू एवढेंच म्हणाल्या, "शनि कांहीं आपल्याकडून उधार खवा नेत नाहीं."

येथें एखादा वाचक म्हणेल कीं तिन्ही वेळां शनि लागूच होता, मग ज्योतिषी चुकला कोठें? प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडें गणित करूं. शनीस बारा राशी फिरावयास सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात, म्हणजे एका राशीस अडीच वर्षें. चंद्ररास, तिच्या मागची व पुढची अशा तीन राशींची साडेसाती. शिवाय चौथ्या व आठव्या राशींतील दोन अडीचक्या. बारा राशींपैकीं पांच राशींत शनि दोषी ठरतो. म्हणजे कोणाही माणसाच्या आयुष्यांतील दर तीस वर्षांपैकीं साडेबारा वर्षें अशीं निघतात कीं त्यांत जें बिघडेल तें शनीच्या नांवावर मांडतां यावें. मंगळाचीही गोष्ट तीच. लग्नीं, चतुर्थीं, सप्तमीं, अष्टमीं आणि व्ययीं मंगळ असला म्हणजे मंगळी पत्रिका. बारा स्थानांपैकीं पुनः पांचच. यांतून कोणी सुटलाच तर विंशोत्तरीच्या एकशेंवीस वर्षांत राहूचीं अठरा वर्षें आहेत, केतूचीं सात आहेत. आमच्या शेजाऱ्यांची रास धनूच. त्यांनीं त्याच अष्टम शनींत घरावर दुसरा मजला चढविला. आणि काकांची उधारी गुरुबळाच्या वर्षींही चालूच होती. बुडालेलें दिसलें मात्र शनीच्या वर्षीं.

ज्योतिष्यास काकांचा दोष दिसलाच नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. रोज दहा माणसांचीं दुःखें ऐकणाऱ्यास माणूस ओळखतां येतो. काका 2011 सालीं वारले. त्यानंतर कांहीं वर्षांनीं आम्हीं एका वृद्ध ज्योतिष्यांस हें सरळ विचारलें. आम्ही त्यांस शास्त्रीबुवा म्हणतों. पहिल्या वेळीं पत्रिका त्यांनींच पाहिली होती.

शास्त्रीबुवा रागावले नाहींत. म्हणाले, "तुमचे काका ओसरीची पायरी चढले तेव्हांच मीं ओळखलें होतें. खिशांत चिठोऱ्या, आणि कोणाचें किती हें एकाही चिठोऱ्यावर नाहीं. पण समोर कोण बसलें होतें? तुमचे आजोबा. त्यांच्यादेखत मीं कर्त्या मुलास बेहिशेबी म्हणावें? त्यांनीं मला पुनः उंबऱ्यांत येऊं दिलें असतें काय? शनीचें नांव घेतलें, सगळ्यांस बरें वाटलें, बाप-लेकांचें भांडण टळलें."

"आणि भट्टी?"

"भट्टी बसली," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि बराच वेळ पानदानाशीं चाळा करीत राहिले.

हें उत्तर आम्हांस अनेक दिवस पुरलें. यांत केवळ दक्षिणेचा लोभ नाहीं. आमच्या एकत्र कुटुंबाची रचनाच त्यांत दिसते. डॉक्टरापुढें रोगी एकटा बसतो. ज्योतिष्यापुढें बहुधा कुटुंब बसतें, आणि पुष्कळदां ज्याची पत्रिका तो माणूस तेथें नसतोच. सुनेची पत्रिका सासूबाई नेतात, मुलाची वडील नेतात, नोकरी सोडून आलेल्या भावाची वहिनी नेते. अशा वेळीं दोष उघड सांगणें म्हणजे घरांतील एका पक्षाच्या हातीं काठी देणें होय. सुज्ञ ज्योतिषी म्हणून गप्प बसत असेल तर त्यास आम्ही सर्वस्वीं दोष देत नाहीं. पण ग्रहाचें नांव पुढें करणें हें गप्प बसणें नव्हे. तें एक उत्तर आहे, आणि तें ऐकून खरा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

शास्त्रांत दोष सांगण्याची सोय नाहीं असेंही नाहीं. द्वितीय स्थानावरून द्रव्याबरोबर वाणीही पाहतात, षष्ठावरून ऋण व शत्रु, व्ययावरून खर्च व हानि; चंद्र तर मनाचाच कारक. म्हणजे ज्या ग्रंथांवर हा व्यवसाय उभा आहे त्यांतच माणसाचा स्वभाव बोलावयास शब्द आहेत. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या आरंभींच दैवज्ञ कसा असावा हें सांगतांना तो सत्य बोलणारा व सभेस न भिणारा असावा अशी अट घातली आहे. सुमारें पंधराशें वर्षांपूर्वींची ही अट आजच्या किती ज्योतिष्यांस लागू पडेल? आणि समर्थांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा आरंभच मूर्खलक्षणांनीं केला. तें आमच्या घरांत मोठ्यानें वाचलें जातें, ऐकणारा प्रत्येक जण शेजारच्याकडे पाहतो, आणि पोथी बासनांत जाते.

भीति घालणाऱ्या जोश्याविषयीं आपल्याकडे पूर्वींच लिहिलें गेलें आहे. महात्मा फुल्यांनीं 1855 सालीं लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकांत जोशी एका गरोदर कुणबिणीस ग्रहांचें भय घालून दक्षिणा व भोजन उकळतो. आमच्यासारख्या घरांत त्या नाटकाचें नांव बरेच दिवस निघत नसे, हेंही येथें लिहून ठेवितों. पण सुशिक्षितांच्या ओसरीवर येणारा ज्योतिषी आतां बहुधा भीति घालीत नाहीं. तो गोड बोलतो. "तुम्ही फार सरळ आहां, म्हणून लोक तुम्हांस फसवितात", "तुमच्या कष्टांचें चीज होत नाहीं", "तुम्ही सर्वांचें करतां, तुमचें कोणी करीत नाहीं." हीं वाक्यें ऐकून ज्याची मान हलली नाहीं असा मनुष्य आम्हीं पाहिलेला नाहीं, आणि आमचीही हलली आहे. अमेरिकेंतील बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानें 1948 सालीं आपल्या 39 विद्यार्थ्यांची स्वभावपरीक्षा घेतली व प्रत्येकास ‘तुमचें वर्णन’ म्हणून एक कागद दिला. सर्वांच्या हातीं मजकूर एकच होता, आणि तो त्यानें पेठेंत मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकांतून घेतला होता. हें वर्णन कितपत जुळतें असें विचारतां विद्यार्थ्यांनीं पांचांपैकीं सरासरीनें 4.26 गुण दिले. गोड आणि मोघम बोलणें सर्वांस आपलेंच वाटतें. उलट "तुम्ही वही ठेवीत नाहीं" हें वाक्य एकालाच लागू पडतें, आणि म्हणूनच तें झोंबतें.

आपल्याकडेही एक कसोटी झाली. 2008 सालीं पुण्यास जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे व प्रकाश घाटपांडे यांनीं शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिष्यांपुढें ठेविल्या. प्रत्येकास चाळीस पत्रिका. कोणती कोणाची एवढेंच सांगावयाचें. सत्तावीस जणांनीं उत्तरें पाठविलीं. सरासरीनें शेंकडा 46 उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवून पन्नास आलीं असतीं. सर्वांत पुढें राहिलेल्या ज्योतिष्याचीं चाळिसांपैकीं चोवीस जुळलीं. एका संस्थेनें दोनशेंही पत्रिका पाहिल्या; तिचीं 102 उत्तरें बरोबर निघालीं.

हे आंकडे सांगून शास्त्रीबुवांस खजील करण्याचा आमचा हेतु नव्हता, तरी आम्हीं ते त्यांस सांगितले. ते म्हणाले, "कागदावरून मी काय सांगणार? माणूस समोर लागतो." आमच्या मतें या एका वाक्यांत त्यांनीं फार मोठी कबुली दिली. जें काय कळतें तें समोर बसलेल्या माणसावरून कळत असेल, तर ओसरीवर खरी वस्तु एकच उरते: एका माणसानें दुसऱ्यावर टाकलेला विश्वास. बाप मुलाचें ऐकत नाहीं, नवरा बायकोचें ऐकत नाहीं, पण शास्त्रीबुवांचें सारें घर ऐकतें. काकूंनीं सतरा वेळां सांगितलेली वहीची गोष्ट त्यांनीं एकदां सांगितली असती तर काकांनीं ती कदाचित् मानलीही असती. वही घाला म्हणण्यास नीलमाइतका खर्चही नव्हता.

हें सर्व आतां पुनः आठवण्याचें कारण घरांत घडलें. काकांच्या मुलाचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, अभियंता झालेला, पुण्याची दुसरी नोकरी सोडून घरीं आला. दोन्ही ठिकाणीं तोच प्रकार: वरच्या माणसानें चूक दाखविली कीं यानें राजीनामा टाकावा. आजोबा अर्धें पान टाकून उठत. नातू नोकरी टाकून उठतो. त्याच्या आईनें मोबाईलवर कोणा ज्योतिष्यास पत्रिका धाडली होती. उत्तर आलें कीं दशम स्थान पीडित आहे, वरिष्ठांचें सुख नाहीं, अमुक तारखेनंतर योग चांगला. मुलगा तेव्हांपासून त्या तारखेची वाट पाहत माळवदावर बसून होता.

काकूंचें वय आतां ऐशींच्या पुढें गेलें आहे. त्यांनीं शास्त्रीबुवांस बोलावणें पाठविलें. ते आले, पुडकें सुटलें, आणि नेहमींप्रमाणें सारें घर ओसरीवर जमलें. तेव्हां काकू म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, आज आम्ही सगळे आंत जातों. पत्रिका त्याची आहे. त्याच्याशींच बोला. आणि एकदां फसविलेंत तेवढें पुरे." असे शब्द त्या घरांत कोणीं शास्त्रीबुवांस ऐकविले नव्हते. आमच्या वहिनींनीं पदर तोंडाशीं धरला. शास्त्रीबुवांनीं मात्र पत्रिकेची घडी केली, ती बाजूस ठेविली, आणि मुलास म्हणाले, "बस बाळ."

आम्ही सर्व माजघरांत गेलों. पाऊण तास लागला. मध्यें एकदां मुलाचा आवाज चढल्याचें ऐकूं आलें. मग बराच वेळ कांहींच नाहीं. काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं आणि आम्हीं विचारलेंही नाहीं. मुलगा आला तो उतरल्या चेहऱ्यानें, चहा न घेतां वर निघून गेला. शास्त्रीबुवांनीं दक्षिणेचें ताट परत सारलें. "आज ग्रह पाहिले नाहींत," एवढेंच ते म्हणाले, आणि काठी टेंकीत पायऱ्या उतरले.

दुसरे दिवशीं काकूंनीं त्यांच्या घरीं अर्धा किलो खवा पाठविला. तो त्यांनीं ठेवून घेतला. मुलगा अद्याप त्यांचें नांव काढलें कीं उठून जातो. पण ती तारीख येण्याची वाट न पाहतां त्यानें गेल्या आठवड्यांत दोन ठिकाणीं अर्ज टाकले आहेत, आणि पूर्वींच्या एका वरिष्ठांस पत्र लिहिलें आहे असें त्याची आई सांगते. पत्रांत काय आहे तें त्यानें तिलाही दाखविलेलें नाहीं.