मूठ घरची, डोके बाजारचे

लाटणी, रव्या, पाळण्याची खेळणी आणि पलंगाचे कातीव खूर, एवढ्यावर पूर्वी कातारी माणसाचे घर चाले. पुढे प्लॅस्टिक आले, कारखान्यातले फर्निचर आले आणि हे काम उणे झाले. पण हात तर गेले नाहीत ना? नायगावकडचा एखादा सुतार आजही किनवटकडच्या सागाचा किंवा बांधावरच्या बाभळीचा तुकडा चरकावर धरील, तर तासाभरात त्याची देखणी मूठ करून दाखवील. ही मूठ दाढीच्या सेफ्टी रेझरला बसवली, तर तिला शहरात चांगले गिऱ्हाईक आहे. एकदाच वापरून फेकायच्या रेझरचा कंटाळा आलेली पुष्कळ माणसे पुन्हा दुधारी पात्याच्या जुन्या रेझरकडे वळली आहेत.

मात्र इथे एक मेख आहे. मूठ घरी होते, पण पाते धरणारे धातूचे डोके बाजारातून आणावे लागते. आणि मूठ कितीही सुबक असो, डोके हलके निघाले की गिऱ्हाइकाचा गाल कापतो आणि नाव कारागिराचे जाते. तेव्हा चांगले डोके कसे ओळखावे, हे आपण थोडे बारकाईने पाहू.

आधी त्याची रचना. अमेरिकेतील किंग कँप जिलेट याला १९०४ साली या रेझरचे पेटंट मिळाले. आदल्या वर्षी त्याच्या कंपनीचे अवघे ५१ रेझर खपले होते. १९०४ साली तो आकडा नव्वद हजारांच्या वर गेला. त्याच्या युक्तीचे मर्म पात्याच्या पातळपणात आहे. पाते जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते. असले लवचिक पाते एकटे काय कापणार? म्हणून वर बाकदार टोपी आणि खाली तळपट्टी, यांच्यामध्ये ते दाबून वाकवायचे. वाकले की ते ताठ होते. टोपीचा पेच तळपट्टीतून खाली येतो आणि मुठीच्या आट्यांत फिरतो. म्हणजे सगळा दाब मुठीवरच अवलंबून!

यावरून पहिली परीक्षा कळेल. डोक्यात पाते घालून पेच आवळा आणि उजेडात बाजूने पाहा. दोन्ही धारा सारख्याच बाहेर आल्या पाहिजेत. एक बाजू पुढे आणि दुसरी आत असेल, तर पाते अडकवण्याच्या खुंट्या सैल आहेत किंवा ओतकाम वाकडे आहे. चार-पाच वेळा उघडून पुन्हा आवळून पाहा. दर वेळी पाते वेगळ्या जागी बसत असेल, तर ते डोके परत करावे, हे उत्तम.

दुसरी परीक्षा धातूची. स्वस्त डोकी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात आणि त्यांवर क्रोमचा मुलामा असतो. मुलामा चांगला असेल तोवर ती ठीक चालतात. तो फुटला की आतले जस्त पांढरी भुकटी सोडू लागते. त्याहून बरे पितळ. मुलामा गेला तरी ते काळवंडेल, हिरवट होईल, पण पेच चटकन तुटणार नाही. सर्वांत टिकाऊ चांगले स्टेनलेस स्टील; मात्र ते कठीण असल्याने घडणावळ महाग पडते.

विकणारा म्हणेल, "पितळच आहे साहेब!" तुम्ही लोहचुंबक लावाल, पण बरं का, त्याने फक्त लोखंड उघडे पडते. पितळ आणि जस्त, दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत. यासाठी सोनाराकडचा बारीक काटा घ्या. आधी डोके कोरडे तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून डोके दोऱ्याने पाण्यात असे सोडा की ते पुरते बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. पेल्याचे वजन जितके ग्रॅम वाढले, त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा वाढ ६ ग्रॅम झाली. डोके ५१ ग्रॅमचे असेल तर भागाकार साडेआठ, म्हणजे पितळ. ४८ ग्रॅमचे असेल तर आठ, म्हणजे स्टेनलेस. आणि ४० ग्रॅमचेच भरले तर पावणेसातच्या आत, म्हणजे जस्त. शब्दाला शब्द लावण्यापेक्षा हे बरे.

मुलाम्यासाठी एक नमुना खर्ची घाला. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात तो चार दिवस गुंडाळून ठेवा. फोड आले, पापुद्रे सुटले, तर तो माल आपल्या कामाचा नाही.

आता आट्यांकडे वळू. इथेच पुष्कळांची फसगत होते. आजच्या बहुतेक तीन तुकड्यांच्या रेझरांचा पेच 'एम ५' मापाचा असतो: व्यास ५ मिलिमीटर, दोन आट्यांतले अंतर ०.८. जुन्या जिलेट रेझरांचा पेच मात्र इंची मापाचा, इंचाला ३२ आटे असलेला. व्यास सुमारे ४.८ आणि अंतर ०.७९. आपल्या देशात मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तरी इंची टॅप अजून कारखान्यांतून नांदतातच. ही दोन मापे इतकी जवळची आहेत की जुना पेच नव्या आट्यांत फिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. पण तो सैल असतो. नवा पेच जुन्या आट्यांत जोराने फिरवाल, तर आटेच मरतील. म्हणून माप विचारून, लिहून घेऊनच माल मागवावा.

आटे लाकडातच पाडू नका. लाकूड पाण्याने फुगते, सुकते आणि आटे झडतात. ८ मिलिमीटरच्या पितळी सळईचा तुकडा घ्या, त्याला ४.२ मिलिमीटरचे भोक पाडून एम ५ चा टॅप फिरवा, बाहेरून खाचा पाडा आणि तो एपॉक्सीने मुठीत बसवा. लोखंडी तुकडा नको. तो गंजून फुगला की मूठ चिरते. भोक पेचाच्या लांबीपेक्षा थोडे खोल ठेवा. पेच तळाला आधीच टेकला, तर वरून घट्ट वाटते आणि आत पाते मात्र हलत राहते! मुठीचे तोंड भोकाशी काटकोनात हवे, आणि लाकडाचा आडवा छेद, जो सर्वांत जास्त पाणी पितो, तो नीट बुजवलेला हवा.

हे सामान मिळवायचे कुठे? सळई आणि टॅप यांसाठी नांदेडचे लेथवाले आहेत, हैदराबाद आहे, मुंबईची नागदेवी आहे. छोट्या पितळी भागांसाठी गुजरातेतले जामनगर प्रसिद्ध आहे. डोके स्वतः ओतण्याच्या भरीस पडू नये. त्याचा साचा छोट्या कारागिराला परवडत नाही. सुरुवातीला चांगला तयार रेझर घेऊन त्याची मूठ बदलावी. मागणी वाढली की सुटी डोकी मागवावी. तीही आधी चार-पाच नमुने, मग थोडा माल. आणि लक्षात ठेवा, नमुना चांगला आला म्हणून पुढची खेप न पाहता घेऊ नये. प्रत्येक खेपेतली दोन-चार डोकी अशीच पारखावी.

यात दहा-वीस रुपये अधिक जातील, एखादा नमुना वायाही जाईल. पण गिऱ्हाईक रोज सकाळी ती वस्तू गळ्यावरून फिरवणार आहे. त्याने ज्या हाताच्या भरवशावर ती घेतली, तो हात तुमचा आहे.